पाचशे नव्वद डॉलर



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे दरवर्षी जमतो ते सर पहिल्या वर्षाच्या वर्गाला पाठ्यपुस्तक उघडू देत नसत. पहिल्या आठवड्यात एकच काम असायचं. आठवडे बाजारात जा, दहाच्या एका नोटेच्या मागे लागा, आणि ती गावाच्या वेशीबाहेर पडेपर्यंत किती हातांतून फिरते ते वहीत लिहून आणा. माझी नोट मी कांदेवाल्या बाईला दिली. तिने चहावाल्याला, चहावाल्याने साखरेच्या दुकानदाराला, आणि दुकानदार संध्याकाळच्या एसटीने जिल्ह्याच्या घाऊक व्यापाऱ्याची उधारी फेडायला निघाला. वहीवर सरांचा शेरा होता : 'तीन हात. कमी आहेत.' ते कमी का आहेत हे समजायला मला पुढची चाळीस वर्षं लागली.

आज सरांचं ते 'हात' मोजण्याचं माप मी जरा लांब नेणार आहे. माझी मुलगी अमेरिकेत पोर्टलंडला राहते. तिच्याकडे गेलो की ज्येष्ठ नागरिकाने धबधबे बघावेत अशी घरच्यांची अपेक्षा असते, आणि कोलंबिया नदीच्या काठाने धबधबे आहेतही छान. पण महामार्गाने तसंच पूर्वेला जात राहिलं तर तासाभराने झाडं विरळ होतात, दीड तासाने संपतात, आणि साधारण एकशे पासष्ट किलोमीटरवर बिग्ज जंक्शन नावाचा ट्रकवाल्यांचा थांबा लागतो. तिथून उजवीकडे चढ चढला की गव्हाचं पठार सुरू होतं. ही ओरेगॉन राज्यातली शर्मन काउंटी. एका बाजूला डेशूट्स नदी, दुसऱ्या बाजूला जॉन डे नदी, उत्तरेला कोलंबिया. आणि मध्ये लाटांसारखी उंचसखल, सोनेरी, निर्मनुष्य जमीन.

निर्मनुष्य हा शब्द मी सैल वापरत नाही. काउंटीचं क्षेत्रफळ सुमारे २,१५० चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत तिथे १,८७० माणसं होती. एका चौरस किलोमीटरला एक माणूसही येत नाही. आपल्याकडे विरळ वस्ती म्हटलं की गडचिरोली आठवते. २०११ मध्ये तिथली घनता ७४ होती. शर्मनमध्ये नगरपालिका असलेली गावं चार : वॉस्को, मोरो, रूफस आणि ग्रास व्हॅली. सगळ्यात मोठ्या गावाची वस्ती आपल्या एखाद्या वाडीएवढी. मोरो हे काउंटीचं ठाणं. तिथल्या कारभारी मंडळाला अजूनही 'काउंटी कोर्ट' म्हणतात आणि त्याच्या प्रमुखाला 'जज्ज'. या जज्जसाहेबांचा बराचसा वेळ न्यायदानापेक्षा रस्त्यांच्या आणि अंदाजपत्रकाच्या कामात जातो. या मंडळाकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

इतकी कमी माणसं तिथे नेहमीच होती असं मात्र नाही. १८५५ च्या करारानुसार इथल्या मूळ रहिवाशांना दक्षिणेला वॉर्म स्प्रिंग्जच्या राखीव प्रदेशात हलवण्यात आलं, पण थोडं पश्चिमेला कोलंबियावरच्या सेलायलो धबधब्यापाशी सामन मासळीचा बाजार हजारो वर्षं भरत होता आणि तो पुढेही भरत राहिला. दूरदूरच्या जमाती तिथे वस्तूंची अदलाबदल करायला येत. मार्च १९५७ मध्ये द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत तो धबधबा पाण्याखाली गेला. त्या प्रदेशातला सगळ्यात जुना आठवडे बाजार असा एका दिवसात बुडाला.

गोरे वसाहतवाले पठारावर मोठ्या संख्येने आले ते १८८० च्या दशकात. १८८९ मध्ये शेजारच्या वॉस्को काउंटीतून शर्मन वेगळी काढली. १९०० मध्ये बिग्जपासून शानिकोपर्यंत रेल्वे झाली. १९१० च्या जनगणनेत लोकसंख्या ४,२४२ भरली आणि तोच तिचा कळस ठरला. त्यानंतर एकशे दहा वर्षं गव्हाचं उत्पादन वाढत गेलं, माणसं कमी होत गेली, आणि या दोन्हींचं कारण एकच होतं.

ते कारण समजून घ्यायला तिथली शेती जरा जवळून बघावी लागेल. मोरोला वर्षाला जेमतेम २८० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माण-खटावला याहून जास्त पडतो. शिवाय तो पडतो हिवाळ्यात, थोडा बर्फाच्या रूपाने. उन्हाळा कोरडा ठणठणीत. एवढ्या पाण्यावर दरवर्षी गहू येत नाही. म्हणून निम्मी जमीन पेरायची आणि निम्मी पड ठेवायची. पड म्हणजे नुसती मोकळी सोडायची नाही. तण उगवू द्यायचं नाही, ओल उडू द्यायची नाही. पहिल्या वर्षाची ओल जमिनीत कोंडायची आणि दुसऱ्या वर्षाच्या पिकाला पाजायची. तिथली माती वाऱ्याने आणून टाकलेली, गाळासारखी बारीक आणि खोल, म्हणून ती ओल धरते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी, पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये काढणी. खरिपात रान मोकळं ठेवून रब्बीची ज्वारी घेणाऱ्या सोलापूर-मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला यातलं काहीच नवल वाटणार नाही. मोरोला या कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र १९०९ मध्ये सुरू झालं, आपलं सोलापूरचं १९३३ मध्ये. दोन्हीकडच्या शास्त्रज्ञांचं निम्मं आयुष्य एकच प्रश्न सोडवण्यात गेलं : मुरलेलं पाणी उडू कसं द्यायचं नाही?

सुरुवातीच्या काळात त्या चढउतारांवर गव्हाची कापणी-मळणी करणारं यंत्र ओढायला तीस-तीस घोडे जुंपत. आता सरांच्या मापाने विचार करा. घोड्यांचा चारा त्याच काउंटीत पिकायचा. नाल मारणारा लोहार गावातला, घोड्यांचा साज शिवणारा गावातला, घोडे हाकणारा गडी गावातला. गहू पोत्यांत भरायचा, म्हणजे पोती शिवणारे आणि उचलणारे हात आलेच. गव्हाचा डॉलर गावात आला की चार-पाच जणांच्या खिशातून फिरल्याशिवाय त्याला आगगाडीत बसता येत नव्हतं. १९३० नंतर घोडे गेले, ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरचा चारा काउंटीत पिकत नाही. पोती गेली, गहू सुट्टा ओतला जाऊ लागला. पोत्यांबरोबर हमालही गेले. एका कुटुंबाला जिथे पूर्वी काहीशे एकर झेपत, तिथे दोन हजार झेपू लागले, आणि झेपतात म्हणून घ्यावे लागले. आज शर्मनमधल्या एका शेताचा सरासरी आकार दोन हजार एकरांच्या वर आहे. शेजाऱ्याची जमीन आपल्याकडे आली याचा दुसरा अर्थ शेजारी गेला, त्याची तीन मुलं शाळेतून गेली, आणि चर्चमधला एक बाक रिकामा झाला.

दोन हजार एकर ऐकून इथे बसलेल्यांपैकी काहींच्या डोळ्यांत चमक दिसते आहे. ती जरा आवरा, हिशेब करू. समजा अडीच हजार एकर आहेत. निम्मे पड, उरले साडेबाराशे. एकरी चाळीस ते पन्नास बुशेल गहू येतो. बुशेल म्हणजे सव्वासत्तावीस किलो, तेव्हा एकरी अकरा ते साडेतेरा क्विंटल. पंचेचाळीस बुशेल धरले आणि भाव सहा डॉलर धरला तर वर्षाची उलाढाल तीन लाख सदतीस हजार डॉलर. आता कापणीचं यंत्र नवं घ्यायचं तर पाच लाख डॉलरच्या पुढे. त्याचा हप्ता, डिझेल, खत, तणनाशक, विमा. यातलं काय काउंटीत तयार होतं? काहीही नाही. खताची टाकी गावात दिसते, पण खत बाहेरून येतं. यंत्राच्या हप्त्याचे पैसे गावावरून उडून जातात. तो डॉलर हातात येतो आणि बोटांना चिकटायच्या आत जातो. सरांनी शेरा मारला असता : 'एक हात.'

आणि भाव? तो पठारावर ठरतच नाही. शर्मनचा गहू पांढरा आणि मऊ, कमी प्रथिनांचा. त्याच्या चपात्या आपल्याला आवडतील की नाही सांगता येत नाही, पण केक, बिस्किटं आणि काही प्रकारचे नूडल्स यांना तो लागतो. त्याचा बहुतांश भाग परदेशी जातो : जपान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स. ट्रकने नदीकाठच्या कोठारापर्यंत, तिथून एकेक साडेतीन हजार टनांच्या बार्जने धरणांच्या जलपाशांमधून खाली पोर्टलंडकडे, आणि मग जहाज. जपानी गिरणीवाल्यांचा या गव्हाच्या बाबतीत कटाक्ष इतका की मऊ पांढऱ्यात 'क्लब' जातीचा गहू विशिष्ट प्रमाणात मिसळलेला माल ते वेगळा मागवतात, कारण त्याचा स्पंज केक हलका होतो. म्हणजे टोकियोत कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक नीट फुगावा म्हणून मोरोजवळ कुणी तरी कोणती जात पेरायची ते ठरवतो. याला जागतिक बाजारपेठ म्हणतात. मला तो फार नाजूक धागा वाटतो.

नाजूक किती, ते २०१३ मध्ये दिसलं. त्या मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकी कृषी खात्याने जाहीर केलं की ओरेगॉनमधल्या एका शेतात तणनाशकाला दाद न देणारा, जनुक बदललेला गहू उगवलेला सापडला आहे. असा गहू विक्रीसाठी कुठेही मंजूर नव्हता. सापडला एका शेतात. जपानने आणि दक्षिण कोरियाने त्या प्रदेशाच्या गव्हाची खरेदी थांबवली. कापणी दोन महिन्यांवर आलेली. काही आठवड्यांनी खरेदी पुन्हा सुरू झाली, पण तेवढ्या काळात पठारावरच्या प्रत्येक माणसाला कळून चुकलं की आपलं गिऱ्हाईक एकाच पेठेतलं आहे. भावाचंही तसंच. २००८ च्या सुरुवातीला पोर्टलंडचा दर बुशेलला दहा डॉलर ओलांडून गेला. पुढे काही वर्षांनी तो पाचाच्या खाली आला. शेतकरी तोच, रान तेच, घाम तेवढाच.

इथे थोडं विषयांतर करतो, सरांनाही ते आवडायचं. जपान आणि हे पठार यांचं नातं फक्त केकचं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, एका अमेरिकी शास्त्रज्ञाने जपानहून 'नोरिन १०' या बुटक्या गव्हाचं बी आणलं. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात पुलमनला ऑर्व्हिल व्होगेल यांनी त्याचा संकर केला. त्यातून १९६१ मध्ये 'गेन्स' ही बुटकी, खताला न लोळणारी जात निघाली आणि या सगळ्या टापूत पसरली. त्याच संकराचं बी व्होगेल यांनी नॉर्मन बोरलॉग यांना मेक्सिकोत पाठवलं. तिथून तो बुटकेपणा लर्मा रोहो आणि सोनोरा जातींतून आपल्याकडे आला. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोहून अठरा हजार टन बियाणं आणलं. आज आपल्या ताटातल्या चपातीत त्या बुटक्या जपानी गव्हाचा अंश आहे. बियाण्याने असे कितीतरी हात बदलले, आणि प्रत्येक हाताला काही ना काही देऊन ते पुढे गेलं. पैशाला ते का जमत नाही?

त्याचं एक उत्तर जमिनीच्या मालकीत आहे. तिथे बरीच जमीन वाट्याने कसली जाते. पिकाचा तिसरा हिस्सा मालकाला, दोन हिस्से कसणाऱ्याला, ही त्या भागातली जुनी वहिवाट. मालक म्हणजे बऱ्याचदा आजोबांनी नांगरलेल्या जमिनीचे वारस : एक नात पोर्टलंडला, एक सिअ‍ॅटलला, एक कॅलिफोर्नियात. सातबाऱ्यावर नाव आणि पायाला माती नाही, हे दृश्य आपल्याला अनोळखी नाही. त्या तिसऱ्या हिश्शाचा डॉलर पठारावर एकही हात बदलत नाही.

दुसरं उत्तर सरकारी मदतीत आहे. १९८५ च्या कायद्याने संघ सरकारने एक योजना आणली : धूप होणाऱ्या जमिनीत गहू पेरू नका, गवत लावा, दहा-पंधरा वर्षं आम्ही भाडं देतो. जमिनीसाठी उत्तम. म्हाताऱ्या शेतकऱ्याला तर देवच पावला. पेरायचं नाही, कापायचं नाही, चेक घरी येतो. पण जे रान पेरलं जात नाही त्याला डिझेल लागत नाही, बी लागत नाही, गडी लागत नाही, कोठारात आणायला गहू नसतो. शेतकऱ्याचं उत्पन्न टिकलं आणि गावातलं दुकान बसलं. हा धोका कायदा करणाऱ्यांनाही कळला होता. म्हणूनच एका काउंटीतली पंचवीस टक्क्यांहून जास्त पिकाऊ जमीन या योजनेत घ्यायची नाही असं बंधन कायद्यातच आहे. अनुदानाच्या कायद्यात गावच्या दुकानदाराचा विचार केलेला मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

आता वाऱ्याकडे येतो.

कोलंबियाची घळ समुद्राकडून येणारा वारा नरसाळ्यातून ओतावा तसा पठारावर ओतते. शंभर वर्षं तो माती उडवण्याच्या कामाचा होता. डिसेंबर २००१ मध्ये वॉस्को गावाजवळ क्लॉन्डाइक नावाचा पवनऊर्जा प्रकल्प उभा राहिला, अवघ्या २४ मेगावॉटचा, सोळा पवनचक्क्यांचा. त्याचे पुढचे टप्पे आले. २००७ ते २०१० या काळात बिग्लो कॅन्यन आला : २१७ पवनचक्क्या, ४५० मेगावॉट. मग आणखी. अठराशे माणसांच्या काउंटीत हजार मेगावॉटच्या वर क्षमता उभी राहिली. गहू पवनचक्कीच्या पायापर्यंत पेरता येतो. ज्याच्या रानात ती उभी राहिली त्याला वर्षाला प्रत्येकी काही हजार डॉलर भाडं. पाऊस पडो न पडो, जपान केक खावो न खावो, हे पीक येतंच.

ज्याच्या रानात ती उभी राहिली नाही, त्याचं काय? शेजाऱ्याचं रान टेकाडावर, आपलं उतारावर. रात्री दोन्ही घरांतून लाल दिवे सारखेच लुकलुकताना दिसतात, पण चेक एकाच घरी येतो. आणि जमीन जिच्या नावावर आहे ती नात सिअ‍ॅटलला असेल तर तोही पठारावर येत नाही. अशा वेळी गावात काय घडतं ते मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही महामार्गाच्या भूसंपादनाचे पैसे आलेली गावं पाहिली आहेत.

इथे ते काउंटी कोर्ट पुढे येतं. ओरेगॉनमध्ये विक्रीकर नाही. म्हणजे बिग्जच्या थांब्यावर ट्रकवाल्यांनी कितीही खाल्लं-प्यालं तरी काउंटीच्या तिजोरीत त्यातलं काही पडत नाही. उत्पन्न मुख्यतः मालमत्ता-कराचं. १९९३ मध्ये राज्याने एक कायदा केला होता, मुळात चिप बनवणाऱ्या अवाढव्य कारखान्यांना डोळ्यांपुढे ठेवून. अशा प्रकल्पाच्या किमतीच्या मोठ्या भागाला पंधरा वर्षं मालमत्ता-कर माफ. बदल्यात कंपनीने स्थानिक संस्थांना सेवाशुल्क द्यायचं, शिवाय काउंटीशी वाटाघाटी करून ठरेल ते. यातल्या 'ठरेल ते' या भागात शर्मनने आपली अक्कल दाखवली. रस्ते, शाळा, अग्निशमन, गावांच्या नगरपालिका यांसाठी पैसे मागितलेच. त्याशिवाय ठरवलं की काउंटीत किमान एक वर्ष राहिलेल्या प्रत्येक घराच्या प्रमुखाला दरवर्षी ५९० डॉलर द्यायचे. टेकाडावर जमीन असो, उतारावर असो, अजिबात नसो. मोरोतल्या भाड्याच्या घरात राहणाऱ्यालाही. सिअ‍ॅटलच्या नातीला नाही.

आकडा ५९० च का? तेव्हाच्या अमेरिकी कर-खात्याच्या नियमानुसार कुणाला सहाशे डॉलर दिले की देणाऱ्याला वेगळा फॉर्म भरावा लागत असे. दहा डॉलर कमी ठेवून शेकडो फॉर्म वाचवणारा कारकून मला दिसतो आणि त्याच्याविषयी आदर वाटतो. हा माझा अंदाज. पण तालुका कचेरीत आयुष्य काढलेला कोणीही माझ्याशी सहमत होईल.

या चेकवर वर्तमानपत्रांनी बरंच लिहिलं, जणू पठारावर सोन्याची खाण सापडली. अर्थतज्ज्ञ म्हणतील, हे पैसे सार्वजनिक कामात घातले असते तर परतावा जास्त आला असता. असेलही. ५९० डॉलर म्हणजे त्या देशात एका कुटुंबाचा महिनाभराचा किराणा. मला त्या चेकपेक्षा त्याच्या मागचं तत्त्व मोठं वाटतं. काउंटी म्हणाली, वारा कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. तो इथे राहणाऱ्यांचा आहे. आणि 'इथे राहणं' ही अट त्यांनी लेखी घातली.

आपल्या साताऱ्यात वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या याच्याही आधी, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फिरू लागल्या. पाटणच्या घाटातून वर गेलेल्या कोणालाही त्या ठाऊक आहेत. वाटाघाटीच्या टेबलावर तिथल्या ग्रामपंचायतीची खुर्ची कुठे होती, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी दोनदा सुचवला. दोघांनीही शहरातल्या ग्राहकांच्या पसंतीचा विषय निवडला.

शर्मनचं चित्र फार गुळगुळीत व्हायला नको. पवनचक्क्या बाहेरच्या कंपन्यांच्या आहेत. एक छोटा अपवाद आहे : २०१० मध्ये तिथल्याच एका शेतकरी कुटुंबाने सहा पवनचक्क्यांचा, नऊ मेगावॉटचा स्वतःचा प्रकल्प उभारला. पुढे वीज घेणाऱ्या कंपनीशी त्यांचा वाद संघ सरकारच्या ऊर्जा-नियामकापर्यंत गेला. त्यात कोण बरोबर यात मी शिरत नाही, पण स्वतः कारखानदार व्हायला किती वकील लागतात हे त्यावरून दिसतं. २०११ च्या वसंतात बर्फ वितळून नद्या इतक्या फुगल्या की धरणांच्या विजेला जागा करण्यासाठी पवनचक्क्या थांबवायला सांगण्यात आलं. वारा असून पाती उभी. शिवाय पवनचक्की म्हातारी होते. तिची किंमत दरवर्षी घटते, म्हणजे पंधरा वर्षांची माफी संपून पूर्ण कर लागू होतो तोवर कर लावण्याजोगं थोडंच उरतं. पुढे ती काढून टाकण्याच्या खर्चाची हमी राज्याची परवानगी-समिती कंपनीकडून आधीच लिहून घेते, ही गोष्ट मात्र आपण घेण्यासारखी आहे.

आणि दरडोई उत्पादनाचे आकडे तर विसराच. हजार मेगावॉटच्या विजेची किंमत अठराशे डोक्यांनी भागली की भागाकार फुगतो. त्या आकड्यावर जाऊन कुणी मोरोत राजवाडे शोधू लागला तर त्याला १८९९ चं विटांचं कोर्ट, धान्याचे उंच हौद आणि एक शाळा दिसेल.

काउंटीत श्रीमंती कुठे असेल तर ती मला जुलै २०१८ च्या बातम्यांमध्ये दिसली. १७ जुलैला द डॅल्सजवळ आग लागली, वाऱ्याने डेशूट्स नदी ओलांडून ती शर्मनमध्ये शिरली. ७८ हजारांहून जास्त एकर जळाले. गहू कापणीला आलेला, म्हणजे उभं कोरडं सरपण. तिथे अग्निशमन दल म्हणजे मुख्यतः गावकरीच. शेतकरी आपापले ट्रॅक्टर आणि पाण्याच्या टाक्या घेऊन निघाले आणि आगीच्या पुढे जमीन नांगरून पट्टे काढू लागले. नांगरलेल्या मातीला आग लागत नाही. असा पट्टा काढताना एक वयस्क शेतकरी धुरात सापडून गेला. जळालेल्या बऱ्याचशा पिकाला विमा होता. पण काड जळून गेलं आणि उघडी माती त्याच वाऱ्याच्या तोंडी आली. दीड हजार-दोन हजार माणसं असली तरी ती एवढ्या जमिनीला पुरी पडत नाहीत, आणि एक गेला तर एक टक्क्याचा विसावा हिस्सा गेला असा हिशेब तिथे मांडावा लागतो. शहरात माणूस कमी झाला तर दुसरा येतो. इथे एक ट्रॅक्टर कमी झाला म्हणजे पुढच्या आगीच्या वेळी एक पट्टा कमी.

आता सरांचा गृहपाठ पूर्ण करतो. ५९० डॉलरचा चेक हातात आला. चला त्याच्या मागे.

मोरोहून निघालात की आठवड्याची मोठी खरेदी बहुधा द डॅल्सला. ते वॉस्को काउंटीत. तिथे साखळी दुकानं आहेत, दवाखाने आहेत, पवनचक्की दुरुस्त करायला शिकवणारं कम्युनिटी कॉलेज आहे. किराण्याचे दोनशे डॉलर गेले. एकही हात नाही. गाडीत पेट्रोल बिग्जला भरलं, तर पंपावरच्या पोराचा पगार तेवढा काउंटीत राहिला. एक हात. उरलेल्यातून मोरोच्या शाळेच्या सामन्याला गेलात, तिकीट घेतलं, कँटीनमध्ये 'पाय' नावाचा भाजलेला गोड पदार्थ खाल्ला; तो गावातल्या बायकांनी केलेला, पैसे मुलांच्या सहलीला. दोन हात, कदाचित तीन. काउंटीभरातली मुलं आता या एकाच शाळेत येतात, आणि शाळेचं वाचनालय हेच गावाचंही वाचनालय. म्हणजे ज्या पुस्तकावर कराचा एक डॉलर गेला ते आजोबाही वाचतात आणि नातवंडंही.

मग ऑगस्टचा शेवट येतो. कापणी उरकलेली असते आणि मोरोत काउंटीची जत्रा भरते. त्यात मुलांनी वर्षभर वाढवलेल्या जनावरांचा लिलाव असतो. फोर-एच नावाच्या मंडळाची ही पोरं. कुणी कोकरू वाढवलेलं, कुणी डुक्कर, कुणी वासरू. पोर जनावराला घेऊन रिंगणात फिरतं, इस्त्रीचा शर्ट घातलेलं, घाबरलेलं. बोली लागते आणि बाजारभावाच्या कितीतरी पुढे जाते. बोली लावणाऱ्यांना डुकराचा बाजारभाव ठाऊक नसतो असं नाही. त्यांच्या घरी त्याच दिवशीचा भाव फोनवर येतो. तरी ते बोली वाढवतात, कारण मुलगा ओळखीचा असतो, त्याच्या आजोबांनी एकदा यांचा ट्रॅक्टर चिखलातून ओढून काढलेला असतो, आणि परवा त्यांच्याही मुलीचं कोकरू रिंगणात येणार असतं. पवनचक्कीच्या भाड्याचा डॉलर, गव्हाचा डॉलर, कधी त्या ५९० मधलाही एखादा, इथे गावकऱ्याच्या हातातून गावकऱ्याच्या हातात पडतो. लिलावाचा कारकून आकडे वहीत उतरवून घेतो.

पोरगं ते पैसे बँकेत ठेवतं, कॉलेजसाठी. कॉलेज काउंटीत नाही.